वाचक विचारतात : कोयनेचं पाणी नि कोयनेची वीज

गेल्या अंकात कोयनेवर अर्ध्या पानाचा मजकूर होता. त्यात एवढंच लिहिलं होतं की १९५६ मेगावॉटचा हा प्रकल्प वर्षातला बहुतेक वेळ पूर्ण ताकदीने चालत नाही, आणि चालवूही नये. त्यावर भरपूर पत्रं आली, काही तर चांगलीच चिडून. सगळी घेणं शक्य नाही म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं न छापता नुसतं गाव टाकलंय. जिथे आकडेमोड माझी आहे तिथे तसं म्हटलंय, ती ढोबळ आहे, पण वहीवर कुणालाही करून बघता येईल.

प्रश्न (कराड) : सर, दरवर्षी ऑगस्टमध्ये तीच बातमी, कोयनेचे सहा वक्र दरवाजे इतक्या फुटांनी उचलले, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. एवढं पाणी असंच सोडून देतात आणि उन्हाळ्यात आम्हाला लोडशेडिंग. ते पाणी टर्बाइनवर घालायला काय होतं?

उत्तर : राग कळतो, पण आधी पाणी कुठल्या बाजूला जातं ते बघा. दरवाजातून सुटलेलं पाणी नदीपात्रातून तुमच्याकडे येतं आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. वीज मात्र मुख्यतः उलट्या बाजूला होते, धरणाच्या जलाशयातून पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांनी पश्चिमेला नेऊन कोकणात उतरवतात तिथे. कारण सरळ आहे, पूर्वेला धरणाच्या भिंतीची उंची सोडली तर पाण्याला पडायला जागाच नाही, आणि पश्चिमेला पावणेपाचशे मीटरच्या आसपास उतार एका दमात मिळतो.

आता बातमीतला दुसरा आकडा आठवा, 'पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक विसर्ग' (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट). हे पायथा वीजगृह धरणाच्या अगदी बुडाशी आहे, तिथे १८ मेगावॉटचे दोन संच, मिळून ३६. हेच २१०० क्युसेक पाणी पोफळीच्या, म्हणजे पश्चिमेच्या वीजगृहाच्या बाजूला उतरवलं तर माझ्या हिशोबाने २५० मेगावॉटच्या जवळपास वीज निघते. थेंबभर पाणी जास्त लागत नाही, फक्त पडायची उंची सहा-सातपट होते, बस्स. त्यामुळे पूर्वेला गेलेल्या पाण्याची वीज कमी होते हे तुमचं म्हणणं खरंच आहे.

मग पुराचं सगळं पाणी पश्चिमेला का वळवत नाहीत? कारण बोगद्यांच्या आणि टर्बाइनच्या पोटात मावेल तेवढंच पाणी जाणार. प्रकल्पाचा पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा, म्हणजे थेट जलाशयातून पाणी घेणारे पश्चिमेकडचे संच, एकाच वेळी फुल चालवले तरी साधारण साडेतेरा हजार क्युसेक खपतात, आणि पुराच्या दिवसांत धरणात येणारी आवक याच्या कितीतरी पट असते. त्या चार-आठ दिवसांच्या पुरासाठी अवाढव्य बोगदे खोदायचे आणि उरलेले अकरा महिने ते कोरडे ठेवायचे, हा धंदा कुणालाच परवडत नाही. दुसरं म्हणजे पश्चिमेलाही माणसं राहतात हो. ते पाणी शेवटी वाशिष्ठी नदीत जातं आणि वाशिष्ठीवर चिपळूण आहे, २२ जुलै २०२१ चा पूर तिथले लोक विसरलेले नाहीत. घाटावर धो धो पाऊस असतो तेव्हा बहुतेक वेळा कोकणातही असतो, त्यामुळे वाशिष्ठी आधीच भरून वाहत असताना वरून आणखी पाणी सोडणं कुणाच्याच हिताचं नाही. आणि तिसरं कारण कोट्याचं, ते सांगोल्याच्या पत्राला उत्तर देताना येईलच.

आणि हो, ऑगस्टमधलं जादा पाणी वीज करून मे महिन्यासाठी ठेवता येत नाही. ठेवायचं तर पाणीच ठेवावं लागतं, आणि धरणात १०५.२५ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर ते मावत नाही.

प्रश्न (पाटण) : आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात की वीज काढून घेतलेल्या पाण्यात कस राहत नाही, ते पिकाला लागत नाही. यात काही तथ्य आहे का? हसू नका, खरंच विचारतोय.

उत्तर : हसलो नाही. वीज पाण्यातून निघत नाही, पाण्याच्या पडण्यातून निघते. पाणी वेगाने येऊन चाकावर आपटतं, चाक फिरतं, पाण्याचा वेग मरतो, संपलं. पाण्यातले क्षार, गाळ, सगळं जसं होतं तसंच राहतं. धबधब्याखालून वाहत आलेल्या पाण्यावर भात पिकतोच की, तिथेही पाण्याने सगळी उंची गमावलेलीच असते, फक्त मध्ये चाक नव्हतं.

एक फरक मात्र खरा आहे. मोठ्या धरणाच्या खोलातून घेतलेलं पाणी वरच्या पाण्यापेक्षा थंड असतं आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असू शकतो, त्यामुळे वीजगृहाच्या लगेच खाली नदीतल्या माशांना त्रास होऊ शकतो. थोडं अंतर खळाळत गेलं की पाणी परत हवा धरतं. पिकाला याचं काही देणंघेणं नाही.

प्रश्न (सांगली, बारावीची विद्यार्थिनी) : शिवसागरातलं, म्हणजे कोयनेच्या जलाशयातलं पाणी ते आमच्या घरातलं युनिट, मधला प्रवास सविस्तर सांगाल का? आणि एक टीएमसी पाण्यात किती वीज होते? सगळीकडे वेगवेगळे आकडे दिसतात.

उत्तर : पाणी नवजाजवळ जलाशयातून आत शिरतं आणि काही किलोमीटर बोगद्याने जवळजवळ सपाट जातं. मग डोंगराच्या पश्चिम कडेला पोचलं की त्याला तिरक्या, पोलादी अस्तर असलेल्या दाबनळांतून खाली सोडतात. या वळणावर एक मोठी उभी विहीर खोदलेली असते, तिला सर्ज टँक म्हणतात, आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात हुशारीची जागा तीच. समजा खाली संच चालू आहेत आणि ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्यात, बिघाड होऊन लोड, म्हणजे विजेची मागणी, एकदम उडाला, तर संच वाचवायला पाणी पटकन तोडावं लागतं. पण मागे बोगद्यात किलोमीटरच्या किलोमीटर पाणी धावत येतंय, ते थांबणार कसं? घरी जोरात चालणारा नळ फटकन बंद केला की पाईप धडधडतो ना, तोच प्रकार, फक्त इथे लाखो टन पाणी असतं आणि धडक बसली तर पाईप फाटेल. सर्ज टँक असला की ते पाणी विहिरीत वर चढतं, परत उतरतं, परत चढतं, असं हेलकावे खात शांत होतं. त्या दाबाला वर मोकळी वाट मिळते.

दाबनळ पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतात. डोंगराच्या आत कोरलेली दालनं आहेत ती, बाहेरून गेलात तर बोगद्याचं तोंड तेवढं दिसेल. पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन जातीची चाकं आहेत, म्हणजे वाट्यांची माळ असलेलं चाक आणि त्यावर नोझलमधून सुटणारी पाण्याची धार. इतकी उंची असली की ही धार नुसतं पाणी राहत नाही, सेकंदाला ९० मीटरच्या वर वेग असतो. वाटीच्या मधोमध एक धारदार कणा असतो, धार त्यावर दुभंगते, दोन्ही बाजूंनी वळून मागे फिरते आणि जवळजवळ सगळा वेग वाटीला देऊन खाली टपकते. लोड उडाला की नोझल लगेच बंद करत नाहीत, आधी एक पत्रा धारेच्या आड येऊन तिला बाजूला वळवतो आणि मग नोझल सावकाश मिटते. सर्ज टँकचं काम त्यामुळे हलकं होतं.

पोफळीचं नि चौथ्या टप्प्याचं वापरलेलं पाणी पुढे कोळकेवाडी धरणात साठवतात, तिथून अजून शंभरेक मीटर खाली अलोरेला तिसऱ्या टप्प्यात पुन्हा टर्बाइनवर घेतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे एकाच पाण्याला दोनदा राबवलं जातं.

आता हिशोब. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३ लाख घनमीटर. एका घनमीटरचं वजन हजार किलो. पडण्याची उंची ४७५ मीटर धर, टर्बाइन-जनरेटरची कार्यक्षमता ९० टक्के धर. वजन गुणिले ९.८१ गुणिले उंची गुणिले ०.९ केलं की ज्यूलमध्ये ऊर्जा मिळते, तिला ३६ लाखाने भागलं की युनिट. उत्तर येतं ३.३ कोटी युनिट. अलोरेच्या उताराचे पाऊण कोटी आणखी धर. म्हणजे पश्चिमेला गेलेल्या एका टीएमसीला साधारण चार कोटी युनिट. आकडे वेगवेगळे दिसतात त्याचं कारण कुणी अलोरे धरतं, कुणी नाही, आणि जलाशयाची पातळी खाली गेली की उंचीही थोडी कमी होते. परीक्षेत मात्र कार्यक्षमता किती धरली ते लिही, नाहीतर मार्क जातील.

प्रश्न (पुणे) : आता जिकडे तिकडे सोलर झालंय, तेही स्वस्त. मग हे जुने हायड्रो प्रकल्प कशाला सांभाळत बसायचे? आणि तुम्ही म्हणता की कोयना पूर्ण ताकदीने चालवूच नये, हे तर डोक्यावरून गेलं.

उत्तर : डोक्यावरून गेलं कारण गेल्या अंकात जागा कमी पडली, तर आता नीट मांडतो. पश्चिमेला नेता येणारं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. वरच्या हिशोबाने त्यातून पावणेतीनशे कोटी युनिटच्या आसपास वीज होते. आता पश्चिमेकडचे सगळे संच मिळून १९२० मेगावॉट, ते वर्षभर चोवीस तास चालवले तर १६८० कोटी युनिट व्हायला हवेत. म्हणजे पाणी पुरतं ते सरासरी रोज चार तासांना. सगळं फुल सोडून दिलं तर वर्षाचं पाणी दोन महिन्यांत खलास.

कुणी म्हणेल मग एवढी यंत्रं बसवली कशाला, चारशे मेगावॉट पुरले असते. तसं नाही. चारशेची यंत्रं संथपणे दिवसभर चालली असती आणि संध्याकाळी सात वाजता, जेव्हा घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही सगळं एकदम चालू होतं आणि सूर्य मावळलेला असतो, तेव्हाही चारशेच दिली असती. चौथ्या टप्प्याचे २५० मेगावॉटचे चार संच, म्हणजे एकदम हजार मेगावॉट, हे मुद्दाम त्या दोन-चार तासांसाठी केलेत. एसएलडीसीमधून, म्हणजे राज्याच्या ग्रिडचं नियंत्रण करणाऱ्या केंद्रातून, निरोप आला की बंद असलेला संच काही मिनिटांत पूर्ण लोडवर येतो. कोळशाचा संच थंड पडला असेल तर बॉयलर तापवून लोडवर यायला कित्येक तास जातात. म्हणून कोयनेचं एक युनिट नि दुपारी बारा वाजताचं सोलरचं एक युनिट, मीटरवर सारखं दिसलं तरी ग्रिडवाल्यांच्या लेखी सारखं नाही. सोलर जितकं वाढेल तितकी संध्याकाळची चढण उभी होत जाणार, आणि ती चढायला पाणी लागणार.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपण सगळ्यांनी मिळून दिलाय. लॉकडाउनमध्ये ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे बंद करायचे होते, आठवतंय? देशाची मागणी १२-१४ हजार मेगावॉटने कमी होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ३१ हजारांनी पडली. मागणी अशी धाडकन पडली आणि निर्मिती तशीच राहिली तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर पळते, संच आपोआप ट्रिप होतात आणि अंधार. त्या रात्री आधी हायड्रो मुद्दाम वाढवून ठेवलेलं होतं, २५ हजार मेगावॉटच्या वर, आणि पाऊण तासाच्या आत ते ८ हजारांपर्यंत उतरवलं, मग लोकांनी दिवे लावले तसं परत चढवलं. देशभरातल्या वीजगृहांत त्या रात्री काय ताण असेल विचार करा, आणि आपण बाल्कनीत मोबाईलचे टॉर्च हलवत होतो. हे काम एकट्या कोळशाने जमलं नसतं आणि सोलर तर त्या वेळी झोपलेलं होतं.

अजून एक, ग्रिड पूर्ण बसलं तर परत उभं करायला पहिली ठिणगी लागते. औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप नि पंखे चालवायलाच बाहेरून वीज लागते. हायड्रोला फार थोडी लागते, एका डिझेल जनरेटरवर भागतं, म्हणून ब्लॅक स्टार्टच्या योजनेत हायड्रोचं नाव वर असतं.

आणि सोलरची दुपारची जास्तीची वीज साठवायला सुद्धा परत पाणीच येतं. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प हेच करतो, वर घाटघर, खाली चोंढे. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, महाग असेल तेव्हा खाली सोडायचं. चार युनिट घालून तीन-सव्वातीन परत मिळतात, म्हणजे वीज 'तयार' होत नाही, उलट थोडी जातेच. पण वेळ मिळते, आणि सगळे पैसे त्या वेळेचेच आहेत.

प्रश्न (सांगोला) : तुम्ही शहरातली माणसं पीक अवर, ग्रिड वगैरे सांगता. आमच्याकडे जानेवारीत टँकर सुरू होतो. कृष्णा खोऱ्याचं हक्काचं पाणी डोंगर फोडून कोकणात नेता, वीज करता आणि समुद्राला सोडता. हे पाणी दुष्काळी भागाला का नाही?

उत्तर : या पत्राला मी टाळाटाळीचं उत्तर देणार नाही. तुमचा मुद्दा वाजवी आहे आणि म्हणूनच त्याला कायद्याने मर्यादा घातली गेली. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे आपण ज्याला बच्छावत लवाद म्हणतो त्याने, कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. १ जून ते ३१ मे असं ते वर्ष मोजतात. कोटा मार्चमध्येच संपत आला की मे महिन्यात पोफळीवाले हात राखून चालतात त्याचं कारण हेच, आणि कमी पावसाच्या वर्षी पूर्वेच्या सिंचनासाठी आणि पिण्यासाठी पाणी राखायला वीजनिर्मितीला कात्री लागते तेही याच हिशोबात.

पण यात एक बाजू तुमच्याकडे कमी बोलली जाते, ती सांगतो, राग मानू नका. कोयनेतून पूर्वेला सोडलेलं पाणी कृष्णेत येतं, आणि तिथून ते तुमच्याकडे आपोआप वाहत येत नाही. ते पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं, तेव्हा ते आटपाडी, सांगोला, जत या बाजूला पोचतं. त्या पंपांची बिलं कुणी भरायची यावर आपल्याकडे किती वर्षं भांडण चाललंय हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणजे एक टीएमसी पश्चिमेला गेलं तर चार कोटी युनिट देतं, आणि पूर्वेला आलं तर पायथ्याला थोडीशी देऊन पुढे पंपांवर भरपूर खातं. याचा अर्थ देऊ नका असा अजिबात नाही. प्यायचं पाणी आणि उभं पीक यांच्यापुढे मी तरी युनिट मोजणार नाही. पण 'पाणी वळवा, झालं काम' असं म्हणणारा पुढारी भेटला तर त्याला पंपांच्या विजेचा प्रश्न जरूर विचारा.

आणि आता हे सगळं बोलतोय तर ज्यांच्या जमिनी या जलाशयाखाली गेल्या त्यांचं नाव घ्यायलाच हवं. साठच्या दशकात उठवलेली कोयनेची माणसं, त्यांची नातवंडं, अजून पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसतात. मुळशीला टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यातलेच, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. हायड्रोला 'स्वच्छ आणि स्वस्त' म्हणताना स्वस्त कुणाला, हे मी तरी आधी विचारतो.

प्रश्न (मुंबई) : कोयनेला भूकंप धरणामुळे होतात हे खरं की अफवा?

उत्तर : अफवा नाही, पण वाक्य अर्धवट आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे साडेचारच्या सुमारास ६.३ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जवळजवळ जमीनदोस्त झालं. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात, जिथे भिंत एकदम निमुळती होते तिथे, आडव्या भेगा गेल्या. नंतर भिंतीला मागून काँक्रीटचे भक्कम आधार देऊन ती मजबूत केली. जलाशय भरायला लागल्यावर त्या भागात धक्के वाढले हे नोंदींत स्पष्ट दिसतं, आणि जलाशयाने चालना दिलेल्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणून कोयनेचंच नाव घेतात. पण ताण तिथल्या खडकात आधीच होता. पाण्याचं वजन आणि भेगांत मुरलेलं पाणी यांनी फक्त खटका दाबला. त्या भागात अजूनही लहान धक्के येत असतात, गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय आणि कराडजवळ त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळाच आहे.

प्रश्न (चिपळूण) : लेक टॅपिंग म्हणजे नेमकं काय केलं होतं? धरण न रिकामं करता तळाला भोक कसं पाडतात?

उत्तर : उलट्या बाजूने येतात. जलाशयाच्या खालून बोगदा खोदत खोदत तळाच्या अगदी जवळ यायचं आणि शेवटची काही मीटर जाडीची खडकाची बूच शिल्लक ठेवायची. तिच्याखाली मोठा खड्डा करून ठेवायचा. मग बुचेत सुरुंग भरायचे, माणसं बाहेर, आणि एका स्फोटात बूच उडवायची. दगड खड्ड्यात पडतात, टर्बाइनकडे जात नाहीत, आणि पाणी बोगद्यात येतं. सगळा धोका शेवटच्या टप्प्यात, कारण वर जलाशय आणि मध्ये फक्त खडक, तिथे पाझर लागला तर पळायला वेळ नाही. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला हे केलं आणि दुसऱ्यांदा २५ एप्रिल २०१२ ला. दुसऱ्याचा उद्देश पातळी खाली गेल्यावरही पाणी घेता यावं हा होता, म्हणजे उन्हाळ्यातली वीज.

प्रश्न (सिंधुदुर्ग) : आमच्या बागेच्या वरच्या अंगाला ओढा आहे, चांगला आवाज करत येतो. छोटं टर्बाइन बसवून घरापुरती वीज होईल का? यूट्यूबवर बादलीएवढ्या यंत्रातून दहा किलोवॉट काढताना दाखवतात.

उत्तर : ते व्हिडिओ बंद करा आधी. आवाजावर जाऊ नका, दोनच गोष्टी मोजा, पाणी किती आणि उंची किती. ओढ्याचं सगळं पाणी एका पन्हाळीतून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. दहा सेकंद लागले तर सेकंदाला वीस लिटर. उंची म्हणजे पाईप जिथे पाणी घेणार ती जागा आणि यंत्र बसणार ती जागा यातला उभा फरक, पाण्याच्या लेव्हल-नळीने टप्प्याटप्प्याने मोजता येतो, पाईपची लांबी धरायची नाही. मग लिटर गुणिले मीटर गुणिले ५, येतील तेवढे वॉट. हा ५ चा आकडा पाईपमधलं घर्षण आणि लहान यंत्राची नुकसानी धरून आहे. वीस लिटर आणि पंधरा मीटर असेल तर दीड किलोवॉट. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही आरामात, गिझर विसरा.

पाईप मात्र जाड घ्या, बहुतेक लोक इथेच पैसे वाचवतात आणि मग अर्धी उंची पाईपच खाऊन टाकतो. तोंडाशी जाळी हवीच, पाल्यापाचोळ्याने दिवसात तीनदा यंत्र बंद पडलं की हौस फिटते. घरातला लोड कमी झाला की यंत्र सुसाट पळू नये म्हणून लोड कंट्रोलर लागतो, तो उरलेली वीज हीटरमध्ये जिरवतो, पाणी तापवायला तीच वापरा. आणि घरच्या मेन लाइनला ते परस्पर जोडू नका, खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. वेगळं वायरिंग करा किंवा चेंजओव्हर स्विच रीतसर लावून घ्या.

पण हे सगळं विकत घ्यायच्या आधी ड्रमचं मोजमाप फक्त सप्टेंबरात करून थांबू नका. डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये परत करा. कोकणातले बरेच ओढे होळीपर्यंत आटतात, आणि तुमचाही त्यातलाच निघाला तर त्या पैशात छतावर सोलर बसवा, पावसाळ्यापुरता ओढा जोडीला ठेवायचा की नाही ते मग ठरवू. आकडे पाठवा, पाईपचा व्यास किती लागेल ते सांगतो.